गुरुवारचे तांदूळ

हौसाबाईच्या दहाव्याला पाच जण बोलले आणि पाचही जण खिचडीवर बोलले. एक म्हणाला, गावाची अन्नपूर्णा गेली. दुसरा म्हणाला, तिच्या हातची खिचडी खाऊन आमची पोरं शिकली. तिसऱ्याने तिला माउली केलं, चौथ्याने पक्षाच्या वतीने श्रद्धांजली वाहिली, पाचवा उशिरा आला आणि तिचं आडनाव चुकला. गुरुवारचं नाव कुणी काढलं नाही. मी उठून माइकवाल्याजवळ गेलो. म्हटलं, मला दोन शब्द बोलायचेत.

"काय बोलनार, बाबा?"

"गुरुवारचं."

त्याने माइक दुसऱ्या हातात घेतला. "ते हितं नको. कार्यक्रम चांगला चाललाय."

त्याच्या घरातलं कोण गुरुवारी येऊन बसायचं ते मी सांगणार नाही, तसा नेम आहे. पण त्याला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच नको होतं. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायला बसलो की ओळ वर चढत जाते. पण बोलू दिलं नाही, तर आता लिहितो. वाचणाऱ्याने वाचावं, नाहीतर पुडी बांधावी.

हौसाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. दसरा झाला की अर्धं गाव ऊस तोडायला जातं आणि मागे म्हातारी माणसं आणि पोरं राहतात. त्या पोरांना दुपारी गरम खायला घालणारी ही बाई. बुटकी, रुंद हाडाची, कपाळ मोकळं, दात मिसरीने काळे. बोलणं असं, की ऐकणाऱ्याने आधी टोपी सावरावी. पोरं तिला भ्यायची आणि तिच्याकडेच दुसऱ्यांदा ताटली घेऊन जायची.

तिचा नवरा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर होता. बावीस वर्षं प्याला आणि मेला. त्याच्या दहाव्याला मी होतो. आमच्याकडे दहाव्याला पिंडाचं झालं की पुढारी माइकवर बोलतात, मेलेला कसाही असो. त्या दिवशी एक जण म्हणाला, "अल्पशा आजाराने त्यांचं दुःखद निधन झालं." बायका पलीकडे सावलीत बसलेल्या. त्यातून हौसाबाई उठली. दहा दिवसांची विधवा, अंगावर नेसूचं जुनं लुगडं. चालत आली आणि बोलणाऱ्याच्या हातातून माइक असा घेतला, जसा पोराच्या हातातून खिचडीचा डाव घ्यावा.

"आल्पशा न्हाई," ती म्हणाली. "बावीस वरीस. आन आजाराचं नाव दारू हाय. मी बावीस वरीस सगळ्यांला सांगितलं की ह्यांला ताप हाय. आता ह्यो गेला, आता कुनाला ताप सांगू? ज्यांच्या घरात आसला ताप हाय त्यांनी गुरुवारी तीन वाजता खिचडीच्या खोलीत या. मी आसते."

माइक परत दिला आणि जागेवर जाऊन बसली. तिचा दीर आठ महिने तिच्याशी बोलला नाही. मला त्या दिवशी तिचा राग आला होता, हे कबूल करतो. मेलेल्या माणसाचं असं चारचौघांत काढायचं असतं का, असं मीच पारावर बोललो. मला बोलायला काय जात होतं. माझ्या घरातला ताप मी अजून झाकून होतो.

माझी बायको सुभद्रा प्यायची.

हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. गड्याचं असं लिहिलं असतं तर कुणी मान वर केली नसती. गडी प्याला तर लोक म्हणतात, बिचाऱ्याला टेन्शन आहे. बाई प्याली तर म्हणतात, शी. तीच बाटली, तेच दुकान, तेच पोट. पण एकाला कीव आणि दुसरीला थुंकी. हा न्याय कुणी केला ते मला कुणी तरी सांगावं.

पहिल्या गुरुवारी मीच गेलो नाही. दुसऱ्याही नाही. वर्ष गेलं. मग एका दुपारी सुभद्रा पाणी आणायला गेली ती हापशाजवळ हंड्यासकट पडली, आणि बघायला आख्खी आळी आली. लोकांना मी म्हटलं, कंबर धरलीय तिची. मला कुणी विचारलं नव्हतं. तरी म्हटलं. त्या गुरुवारी गेलो.

खोलीत सहा-सात बायका होत्या. मध्ये तांदळाचं पोतं, प्रत्येकीपुढे सूप. उद्याच्या खिचडीचे तांदूळ निवडायचे आणि निवडता निवडता बोलायचं, ही हौसाबाईची रीत. नगरला तिच्या नवऱ्याला दारू सोडवायला ठेवलं होतं, तिथे पिणाऱ्यांच्या बायकांना एका खोलीत गोल बसवून बोलायला सांगायचे. तिथे ती हे शिकली. पण तिथे म्हणे खुर्च्या होत्या, आणि समोरासमोर तोंड बघून कुणी बोलेना. ही म्हणायची, "डोळं खाली आसलं की तोंड उघडतं." शिवाय बाहेरून कुणी डोकावलं तर बायका तांदूळ निवडतायत, एवढंच दिसायचं.

मी दारात उभा राहिलो आणि सगळ्यांनी पदर ओढले. मंदा नावाची एक होती, तिने परवानगी दिलीय म्हणून नाव लिहितो. ती म्हणाली, "आक्का, ह्ये काय? आमी गड्यांचं रडायला हितं येतो आन हितं बी गडीच?"

"भाऊ," हौसाबाई मला म्हणाली, "तांदूळ निवडता येत्यात का?"

"न्हाई."

"मग शिका. बसा."

सूप पुढे सरकवलं. मी बसलो. माझी बोटं कोयत्याची, त्यांत खडा सापडेना.  मग मीच म्हटलं, खाली बघून, की माझी मालकीण पिते. एक बाई हसली. वाईट नव्हती ती, तिला हसू आलं एवढंच. हौसाबाई मान वर न करता म्हणाली, "हसून घे. झालं का? आता भाऊला बोलू दे. त्येंच्या घरात बी चूल तशीच इझलेली हाय, तुझ्यावानीच."

मंदा पुटपुटली, "ह्यो भाईर जाऊन सांगनार."

"काय सांगंल? माझी बायकू पिती आसं सांगत सांगत तुझं सांगंल व्हय?"

तेव्हा मंदाही हसली. मी आत आलो तो असा.

तिचे नेम तीनच. इथलं बाहेर न्यायचं नाही. कुणी कुणाला शहाणपणा शिकवायचा नाही, फक्त आपलं सांगायचं. आणि रडणाऱ्याला हात लावायचा नाही. हा तिसरा मला फार निर्दय वाटायचा. एकदा मंदा हमसून रडत होती आणि शेजारणीने पाठीवर हात ठेवला, तर हौसाबाईने जवळ पडलेल्या डावाने तो हात बाजूला केला. "रडू दे की. हात ठिवला की मानूस गप हुतंय. तुला तिचं रडनं ऐकवत न्हाई म्हनून तू हात ठिवतीस, तिच्यासाठी न्हाई." मी त्यावर खूप विचार केला. खोटं सापडलं नाही.

स्वतः मात्र मिसरी सोडत नव्हती. दर अर्ध्या तासाला उठायची, कोपऱ्यात जाऊन दात घासून यायची. मी एकदा टोमणा मारला, "आक्का, दुसऱ्याची दारू सोडवताय आन तुमची मिसरी?"

"मी कुनाचीच सोडवत न्हाई, भाऊ. सोडवायला येत आसती तर बावीस वरसांत सोडवली आसती. आन मिसरी मला सुटत न्हाई म्हनून तर मला कळतं, त्यो का पीत हुता."

लोकांना वाटायचं तिथे दारू सोडवतात. गावातले गडी म्हणायचे, हौसाबाई बायकांना भडकवते. तिथे भडकवणं म्हणजे काय होतं? एवढंच, की आपल्या माणसासाठी खोटं बोलायचं नाही. मुकादम आला आणि नवरा पिऊन पडलेला असला तर "ताप आलाय" म्हणायचं नाही. "पिऊन पडलाय, उठला की पाठवते" म्हणायचं. बस. त्यावर गाव पेटलं. पिण्याने पेटलं नव्हतं कधी, खरं बोलण्याने पेटलं.

मला तिने एक आठवडा दिला. आठ दिवस सुभद्राच्या कंबरेचं नाव काढायचं नाही. पाचव्या दिवशी मेव्हण्याच्या पोरीचं लग्न होतं. मेव्हण्याने विचारलं, ताई का नाही आली? माझ्या तोंडात कंबर आली होती. मी ती गिळली आणि खरं सांगितलं. त्याने मांडवातच माझी गचांडी धरली. म्हणाला, माझ्या बहिणीला बदनाम करतोस, तूच पाजली असशील.

ते मला लागलं, कारण ते खरं होतं.

पुढच्या गुरुवारी मी ते सांगितलं. आमची जोडी बावीस-तेवीस हंगाम ऊस तोडत होती. धाकट्या बाळंतपणानंतर दीडच महिन्याने सुभद्रा फडात उतरली. मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढायची आणि खाली आली की कंबर धरून बसायची. राहुरीकडच्या एका फडावर, पाचटाच्या कोपीत, मीच तिला पेल्यात थोडी दिली. मुकादम म्हणाला होता, कंबर मोकळी होते. झाली मोकळी. सकाळी ती माझ्या आधी उठली. मला आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी मी परत दिली.

हे सांगताना माझे हात थांबले होते. खोलीत तांदळाचा आवाज तेवढा चालू होता. मला वाटलं हौसाबाई म्हणेल, जाऊ द्या भाऊ, तुमची काय चूक. ती तसली बाई नव्हती.

"दिली ही तुमची चूक," ती म्हणाली. "ती तुमच्या पदरात ठिवा, ती कुनी घेनार न्हाई. पन फुडची समदी वरसं तुमची न्हाईत, ती बी पदरात घेऊन हिंडू नगा. तेवढी ताकद न्हाई तुमच्यात. निवडा."

मी निवडायला लागलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा खडे नीट दिसले.

एकदा ती आमच्याबरोबर आली. नगरला नाही, दुसऱ्या एका गावात दारू सोडवण्याचं केंद्र आहे, नाव लिहीत नाही. जीपने गेलो. सुभद्रा स्वतः तयार झाली होती, हे ध्यानात ठेवा. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, दोन लुगडी, फणी. टेबलामागे एक पोरगेला कारकून. त्याने माझ्याकडे बघितलं, कागद ओढला आणि विचारलं, "बाबा, किती वर्षं घेताय?"

मी म्हटलं, मी नाही.

"पहिल्यांदा सगळेच असं म्हणतात." आणि माझ्या तोंडाचा वास घ्यायला पुढे वाकला. हौसाबाई एवढी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. सुभद्राही हसली. तिचं तसं हसणं मी कितीतरी दिवसांनी बघितलं. मग ती स्वतःच म्हणाली, "मी हाय पेशंट."

कारकुनाने पेन खाली ठेवला. "बायांची सोय नाही आमच्याकडे."

"म्हंजी?" हौसाबाईचं हसणं संपलं होतं.

"बायांना ठेवायला खोली नाही. पुण्याला चौकशी करा."

"आरं बाबा, दारू पोटात जाताना बाई हाय का गडी हाय बघती का? मग तुमी का बघता? ही बाई आपल्या पायानं आलीय. हितं आलेल्या गड्यांतला एक तरी आपल्या पायानं आला हुता का? धरून आनत्यात. आन जी आपनहून आली तिला म्हनतो पुन्याला जा?"

तो म्हणाला, मावशी, मी नियम केलेले नाहीत. ते खरं होतं. नियम करणारा तिथे कधीच नसतो. आम्ही बाहेर पायरीवर बसलो. सुभद्राने पिशवीतून फणी काढली, उगाच केस विंचरले आणि परत ठेवली. मला अजून त्या फणीचा राग येतो. कुणावर काढावा कळत नाही म्हणून फणीवर येतो.

त्यानंतर सात महिने ती प्याली नाही. कुणाच्या मदतीने नाही, आपल्या जिवावर. मग परत सुरू झाली. पुण्याला मी नेलं नाही. नेता आलं असतं का, ह्याचा हिशेब मी आता करत नाही, तसं हौसाबाईने मला शिकवलंय. पण येतं मनात.

सुभद्राचं पोट पाण्याने फुगलं, डोळे हळदीसारखे झाले आणि ती गेली. दत्ता, माझा मुलगा, पुण्याला कंपनीत आहे. त्याने सगळं मोबाईलवरून केलं. वेशीवर फ्लेक्स लागला. सुभद्राचा लग्नातला फोटो मोठा केलेला, खाली "अल्पशा आजाराने". मी म्हटलं, दत्ता, ती ओळ नको. तो म्हणाला, "आण्णा, तुमी आता गप बसा. मला सासरवाडी हाय. माझी पोरगी मोठी व्हायचीय." मी गप बसलो.

दहाव्याला कावळा शिवेना. गड्याच्या दहाव्याला असं झालं की लोक हसत हसत पिंडाजवळ क्वार्टर आणून ठेवतात, त्याची आवडीची म्हणून, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. सुभद्राच्या वेळी कुणी तरी विचारलं, "म्हातारीला काय आवडायचं?" आणि आख्ख्या घाटाने जमिनीकडे बघितलं. मग दत्ताच्या सासऱ्याने जिलबी आणून ठेवली. सुभद्राने जन्मात जिलबी खाल्ली नाही, दाताला चिकटते म्हणून. कावळा आलाच नाही. शेवटी दर्भाचा करून शिववला.

मग माइक. पहिलाच म्हणाला, अल्पशा आजाराने. मी बायकांत हौसाबाईकडे बघितलं. ती बसली होती, माझ्याकडेच बघत होती. मला वाटलं आता उठेल. नवऱ्याच्या वेळी उठली होती, तशी उठेल, माइक घेईल, आणि मला बोलावं लागणार नाही. ती उठली नाही. मीही उठलो नाही. पसायदान झालं, लोक जेवायला गेले.

वाटेत मी तिला गाठलं. "तुमी का न्हाई बोलल्या?"

"माझ्या नवऱ्याचं मी बोलले, भाऊ. तुमची बायकू तुमची."

"मला जमलं न्हाई."

"दिसलं मला."

एवढंच. धीर नाही, रागावणं नाही. मी तीन गुरुवार गेलो नाही. आता माझी पिणारी तर मेली, मी तिथे कशाला जाऊ, असं स्वतःला सांगितलं. चौथ्या गुरुवारी मंदा अर्धं पोतं तांदूळ घेऊन दारात. "आक्कानं पाठवलाय. म्हनली, भाऊला सांग, तुमच्या वाटनीचं तुंबलंय, पोरांच्या दाताखाली खडं येत्यात." मी पोतं खांद्यावर घेतलं आणि तसाच शाळेत गेलो. सूप माझ्या जागेवर ठेवलेलं होतं. त्या दिवशी मी सुभद्राचं सगळं बोललो, जिलबीसकट. कुणी हात लावला नाही. बरं झालं.

मग गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. वेशीवरचा फ्लेक्स उतरवला तो मी घरी आणला. आमच्याकडे फ्लेक्स वाया घालवत नाहीत, कडब्याच्या गंजीवर टाकला. सुभद्राचा फोटो वर आभाळाकडे बघत होता. सकाळी दहाच्या सुमाराला रस्त्यावर जीप थांबली. हौसाबाई पुढच्या सीटवर, तोंड सुकलेलं, मांडीवर पिशवी. आठ दिवस पोटात कळ येत होती, नगरला दाखवायला चालली होती. दवाखान्यात जाताना ती माझ्याकडे कशाला थांबली, तर गुरुवारचं सांगायला. "परवा मी नसंन. पोतं तुमी सोडा. मंदा बडबड करंल, करू द्या."

"बरं."

तिची नजर गंजीवर गेली. बराच वेळ बघत राहिली. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"सुभद्रेला कडब्यावर घातलीय व्हय?"

"ऊन-वारा लागतो वैरनीला."

"ती आल्पशा आजाराची वळ आजून तशीच हाय."

 मी घरात गेलो, कोयता आणला. बऱ्याच दिवसांत हातात धरला नव्हता. फ्लेक्स खाली ओढला, जमिनीवर पसरला आणि ती एक ओळ डावीकडून उजवीकडे कापून काढली. वीतभर रुंद, हातभर लांब पट्टी निघाली. वर सुभद्रा राहिली, खाली तिचं नाव राहिलं, मध्ये जमीन दिसायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, काय चाललंय?" हौसाबाई त्याला म्हणाली, "तू गप रं. गाडी बंद कर, डिझेल जळतंय."

पट्टी हातात घेऊन मी उभा राहिलो. टाकायची कुठे, कळेना. तिने खिडकीतून हात बाहेर काढला. "आना हिकडं. ह्या बाजूनं ऊन लई येतंय."

तिने ती पट्टी काचेच्या फटीत वरून खोचली, पडद्यासारखी, आणि मान मागे टेकली. जीप निघाली. अक्षरं आतल्या बाजूला होती की बाहेरच्या, मला दिसलं नाही. वळणापर्यंत ती पट्टी फडफडताना दिसत होती. तिला बघितलं ते तेवढंच शेवटचं.

सुभद्राचा फ्लेक्स आता घरात भिंतीला आहे. दत्ता आला की मधल्या फटीकडे बघतो. त्याने विचारलं की मी सांगणार आहे. पोतं दर गुरुवारी मीच सोडतो.